झेंड्याआधी निघालेला ट्रक

कुणी मदतीचं गाठोडं आणून टेकवलं की वहिनी त्यातली वरची साडी उचलायची, दारातल्या उन्हात दोन्ही हातांनी ताणून धरायची आणि आणणारीला विचारायची, "तुम्ही नेसताल का ही?"

बाई इकडंतिकडं पाहायला लागली की गाठोडं तिच्याच हातात परत. चांगल्या बंगल्यातल्या बाया असायच्या हो. काखेत फाटलेले ब्लाऊज, बटणं काढून घेतलेले शर्ट, एकदा तर एकाच पायातली चप्पल. वादळात घर गेलं म्हणून माणसाचा दुसरा पायही गेला काय? तुम्ही कधी मदत गोळा करायला बसला असाल तर तुम्हालाही हे ठाऊक असेल.

कोकणात वादळ झालं त्या साली आम्ही सिडकोतल्या बायकांनी सामान जमवायचं ठरवलं, आणि वहिनीनं आपली पुढची खोली रिकामी करून दिली. आमच्याच गल्लीतली ती. माहेर पैठणकडच्या बिडकीनचं, बोलणं तिथलंच. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. केवढा असतो, म्हणून मला विचारलं. मी तरी कुठं पाहिला होता? म्हटलं, पैठणच्या धरणापेक्षा मोठा असेल.

"मग त्याच्या काठाला लोक राहतेत कामून?" म्हणाली, आणि लगेच स्वतःच, "आपण तरी बिनपाण्याचं इथं राहतोच की."

तिकडच्या एका शाळामास्तरांशी आमचं फोनवर बोलणं व्हायचं. ते म्हणाले, कपडे पुरे झाले. छपरं उडालीत, पाऊस थांबत नाही, लेकरं आणि म्हातारी माणसं उघड्यावर बसलीत. ताडपत्र्या पाठवा. वहिनीनं सगळ्या गल्लीला दम देऊन ताडपत्र्या मिळवल्या. कन्नडचा एक ट्रकवाला नुसत्या डिझेलवर यायला तयार झाला. शुक्रवारी ट्रक भरला, दोऱ्या आवळल्या, आणि आमच्या वॉर्डाच्या पुढाऱ्यांचा निरोप आला की ट्रक रविवारी निघेल. झेंडा ते दाखवणार, पेपरवाले येणार.

वहिनी त्यांच्या घरी गेली, मी सोबत. "भाऊ, तिकडं लेकरं भिजायलीत," ती म्हणाली.

"वहिनी, दोन दिवसांनी काय फरक पडतो? त्या लोकांना पावसाची सवय असते."

सवय! कोरड्या सोफ्यावर बसून, चहाचा कप हातात धरून हा माणूस हे बोलला. वर स्वतःच्या फोटोच्या फ्लेक्सचा भला मोठा गठ्ठा दिला, ट्रकला चारी बाजूंनी बांधा म्हणून. माझं डोकं फिरलं. वहिनी मात्र "बरं भाऊ" म्हणाली आणि गठ्ठा डोक्यावर घेऊन निघाली. मला वाटलं, नमली.

शनिवारी सकाळी पाहते तर ट्रक जागेवर नाही आणि वहिनीच्या दाराला कुलूप. ट्रकवाल्याशेजारी बसून ती स्वतःच निघाली होती, फ्लेक्ससकट.

रविवारी मांडव, हार, बँड सगळं हजर. ट्रक नाही म्हटल्यावर पुढाऱ्यांनी भाजी मंडईतून एक रिकामा टेम्पो मागवला आणि त्याला झेंडा दाखवला. टेम्पो चौकाला वळसा घालून परत मंडईत गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! त्या पेपरावर मी मिरच्या वाळत घातल्या.

पुढचं ट्रकवाल्यानं परत आल्यावर सांगितलं. ताडपत्र्या पुरल्या नाहीत, तेव्हा वहिनीनं फ्लेक्स उलगडले. जाड, पाणी न धरणारं कापड ते. गावातली माणसं उघड्या पडलेल्या वाशांवर चढली, आणि ही खालून त्यांना सांगत होती, "तोंड वरल्या अंगाला ठिवा. पाऊस त्यानला लागू द्या. व्हईल सवय."

पुढं आभाराची सभा झाली. पुढाऱ्यांनी खवळलेला समुद्र, डोंगराएवढ्या लाटा, लोकांचा आक्रोश असा काही रंगवला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. हा माणूस झेंडा घेऊन चौकापर्यंत गेला होता, त्याच्या पुढं एक पाऊल नाही. वहिनीचं नाव कुणी घेतलं नाही. ती शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी बसलेली. मी रागानं तिला म्हटलं, ऊठ, सांग यांना समुद्र कसा होता ते. इथं तू एकटीच पाहून आलीस.

"मी कुठं पाहिला? छपरं बांधीत होते. समुद्राकडं पाठ होती माझी."

पुढारी अजून आहेत, कुठं वादळ झालं की अजून त्याच लाटा सांगतात. वहिनीला जाऊन बरीच वर्षं झाली. समुद्र तिचा पाहायचा राहिलाच.