खुर्चीखालचं नाव

अण्णांनी खुर्ची उलटी केली.

भर कार्यक्रमात. पहिल्या रांगेत. समोर त्या देशाचे मंत्री भाषण करत होते. मंचावर आमचे राजदूत.

"अण्णा, बसा ना. लोक बघतायत."

"बघू दे. खुर्ची कुणाची हाय ते पाहून राहिलो."

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एक छोटा देश. आपल्या मदतीनं बांधलेल्या शाळेचं उद्घाटन होतं. अण्णा, माझे वडील, हिंगोलीजवळच्या गोरेगावहून महिनाभरासाठी माझ्याकडे आले होते.

गोरेगावात अण्णांचा मंडप डेकोरेशनचा धंदा. खुर्च्या, सतरंज्या, पातेली, माईक. प्रत्येक खुर्चीच्या बुडाला लाल रंगात स्वतःचं नाव.

कुठल्याही लग्नाला गेले की आधी खुर्ची उलटी करायचे. खाली हमीदचाचांचं नाव निघालं की जेवण होईपर्यंत गप्प.

हमीदचाचा म्हणजे गावातले दुसरे मंडपवाले. दोघांची चढाओढ माझ्या जन्माआधीपासूनची.

मी तेव्हा परराष्ट्र सेवेत होते. आता नाही, म्हणून हे लिहिता येतं.

काही दूतावासांत तेव्हा एक वेगळा अधिकारी नेमला होता. त्याला काम एकच. त्या देशात चीनचा वावर किती आणि कसा वाढतोय ते बघायचं, दिल्लीला कळवायचं. मी साहित्य शिकले, मग चिनी शिकले. म्हणून तिथे माझं पोस्टिंग.

मी फोनवर चीनचं नाव घेत नसे. अण्णा घ्यायचे. मोठ्यानं, जीप स्टँडवर उभं राहून.

"काय म्हणून राहिले चीनवाले, माय?"

स्टँडवरची माणसं त्यांना विचारायची, "बाई काय करती तिकडं?"

"बघती."

"नुसतं बघायचा पगार भेटतो व्हय?"

"तुला न्हाई भेटायचा. तुला दिसतंय कुठं?"

खरं म्हणजे मलाही दिसत नव्हतं.

मी बंदर बघायचे. महामार्ग बघायचे. कोणता मंत्री कुठे जेवला ते लिहायचे. राजदूतांनी माझे रिपोर्ट बाजूला ठेवले. म्हणाले, हे सगळं पेपरात येतं. वर्षअखेरीपर्यंत वेगळं काही आलं नाही, तर ही जागा बंद होईल. तुम्ही परत जाल.

हे मी अण्णांना सांगितलं नव्हतं. ते गावात सांगून बसले होते, आमची बाई देशासाठी बघती.

वर्ष संपायला तीन महिने होते.

"हे वाच," अण्णा म्हणाले. उलटी खुर्ची माझ्या मांडीवर.

खाली चिनी अक्षरं होती. मला वाटलं कारखान्याचा छाप असेल. नव्हता. ब्रशनं, हातानं लिहिलेलं होतं. तिथला रस्ता बांधणाऱ्या कंपनीचं नाव. त्याखाली त्या गावाचं नाव.

"शाळा आपली," मी म्हणाले.

"अन् मांडव त्यायचा," अण्णा म्हणाले. "विचार त्या म्हाताऱ्याला, खुर्च्या न्यायला कोण येतं."

गावचा वडीलधारा माणूस शेजारीच होता. मी विचारलं. तो हसला. न्यायला कोणी येत नाही, म्हणाला. गावालाच दिल्यात. खुर्च्या, तंबू, मोठी पातेली. आसपासच्या सगळ्या गावांना दिल्यात. लग्न असो, मयत असो, तंबू ठोकायला कंपनीचा माणूस येतो. आमची भाषा बोलतो. आमच्यात जेवतो.

मी अण्णांना सांगितलं.

अण्णांनी खुर्ची सरळ केली आणि बसले.

"मंडपवाल्याला सारं ठाऊक असतं, माय. कुणाचं कुणाशी जमत न्हाई. कोण कुणाच्या पंगतीला बसत न्हाई. कोणतं पोरगं निवडणुकीला उभं राहणार. मला कुणी सांगत न्हाई, पण मी खुंट्या ठोकून राहतो, अन् ते माझ्यासमोर बोलून राहतात."

मग म्हणाले, "अन् सामान न्यायला आला न्हाई, तर त्याला सामान नको. त्याला माणसं पाहिजेत."

मंत्र्यांचं भाषण संपलं. अण्णांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. गोरेगावात लग्नांचा सीझन तोंडावर होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सीझन सोडला.

"सुपाऱ्या घेतल्यात ना तुम्ही?"

"हमीदला फोन केला. म्हणलं, यंदा माझीबी लग्नं तूच कर."

"ते काय म्हणाले?"

"म्हणला, तब्येत बराबर हाय ना तुझी?"

आम्ही गावोगाव फिरलो. अण्णांना तिथली भाषा येत नव्हती. ते थेट पातेल्यांपाशी जायचे, खुर्च्या उलट्या करायचे, आणि बायका हसत त्यांना चहा द्यायच्या. मी नावं लिहून घ्यायचे. गाव, तंबू, येणारा माणूस.

रिपोर्ट गेला.

राजदूतांनी दोनदा वाचला. "हे कुठून मिळालं तुम्हाला?"

"घरून."

जागा बंद झाली नाही. पुढे माझ्यासारख्या दुसऱ्या दूतावासांतल्या अधिकाऱ्यांनाही दिल्लीहून विचारणा गेली, तुमच्याकडे गावात मांडव कोण घालतं?

हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते गोरेगावात ट्रकवर बांबू चढवत होते. म्हणाले, "बराबर विचारलं." आणि फोन ठेवला.

स्टँडवर मात्र त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मी सांगू नका म्हटलं होतं.

काल दुपारी अण्णा गेले.

हिंगोलीच्या दवाखान्यातून त्यांना घेऊन आम्ही घरी पोचलो, तर दारात मांडव घातलेला. खुर्च्या रांगेत. आमचं गोदाम बंद होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी एक खुर्ची उलटी केली.

हमीदचाचा खांबाला दोर बांधत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज तुमचं सामान कशाला काढायचं, बेटा."

अण्णा, मी बघायला तुमच्याकडून शिकले. आता तुम्ही निवांत बसा.

आज सकाळी हमीदचाचा सामान न्यायला टेम्पो घेऊन आले. अंगणात उभे राहिले, खुर्च्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे इथंच." टेम्पो रिकामाच परत गेला.