लाकडी द्वारकाबाई

काटेवाडीच्या सोनबा सुताराला एक खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की ती कशी चालते हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शाळेचं घड्याळ दुरुस्त करतो म्हणून घेऊन गेला आणि तीन आठवडे आम्ही सावली पाहून शाळा भरवली. मी तिथला मास्तर. त्याच्यावर रागवायला जायचो आणि त्याचे प्रश्न ऐकत बसायचो.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात राखणदार शिरला. गावातले बडे शेतकरी मानसिंगराव यांच्या ज्वारीत, चार मेढी म्हणजे खांब रोवून बांधलेल्या माळ्यावर बसून द्वारकाबाई गोफण फिरवी. एकटी विधवा बाई. राखणीच्या बदल्यात मिळणाऱ्या ज्वारीवर तिचं वर्ष निघे. यंदा तिचा खांदा आखडला होता आणि भोरड्या पाखरांचे थवे हुरड्यावर तुटून पडत होते. सोनबा म्हणाला, पाटाच्या पाण्यावर चाक फिरवून पत्रा बडवणारं लाकडी माणूस करता येईल.

"कर," मानसिंगराव म्हणाले. "जमलं तर पुढच्या सालापासनं राखणीला माणूसच नको."

याचा अर्थ सोनबाला कळला नाही असं नाही. पण करून बघायची हौस त्याच्या मानगुटीवर बसली होती.

तोंड कोणाचं कोरायचं? आसपासच्या गावांत अशी राखणदारीण दुसरी नव्हती. दोन दिवस माळ्याखाली बसून तो द्वारकाबाईचं तोंड लाकडात उतरवत होता. ती वरून म्हणाली, "माझ्या जागी माझंच तोंड बसवतोस व्हय रं?"

सोनबाची पटाशी थांबली. मला त्याचा रागच आला. पण तोंड इतकं हुबेहूब उतरलं होतं की राग विसरून मी पाहतच राहिलो.

त्याच दुपारी खुरपणीला येणारी रतन बांधावरून चालली होती. सात महिन्यांची पोटुशी. तिला पाहताच द्वारकाबाईनं गोफण खाली ठेवली आणि पाठ फिरवली. रतननं एक कणीस मोडून पदराखाली घेतलं आणि ती गेली.

"काकी, द्यायचंच तर हाक मारून द्यावं की," सोनबा म्हणाला.

"मंग ती मागणारी झाली. पोटुशीला मागायला लावायचं न्हाय. आपल्या शिवारात पयल्यापासनं आसंच हाय."

झालं. सोनबाला आता हेही लाकडात हवं होतं. त्यानं चाकाला एक खुंटी ठोकली. वीस फेरे झाले की बाहुली थांबे, पाठ फिरवे आणि पुन्हा पत्रा बडवू लागे.

पाहायला निम्मं गाव पाटाकडे लोटलं. पत्रा वाजला, भोरड्या उडाल्या, माणसं हसली. विसाव्या फेऱ्याला बाहुलीनं पाठ फिरवली तेव्हा बांधावर कोणीच नव्हतं. भोरड्यांनी तेवढ्यात हात मारून घेतला. मग पलीकडून रतन आली. सवयीनं तिचा हात कणसाकडे गेला आणि लाकडी द्वारकाबाई तिच्याकडे तोंड करून धाडधाड पत्रा बडवू लागली. सगळ्या माना तिकडे वळल्या. रतननं हात मागे घेतला, पदर ओढला आणि खाली मान घालून निघून गेली.

कोणी हसलं नाही. मला तर तिथं उभं राहायची लाज वाटली.

"ती पाठ फिरवायची खुंटी तेवढी काढ," मानसिंगराव म्हणाले. "बाकी झ्याक हाय."

सोनबा माळ्याखाली गेला. "काकी, पाठ कवा फिरवायची ते तू कसं ठरवतीस? मोजमाप सांग."

"मोजमाप कसलं? कोण आलंय ते बघावं लागतं."

सोनबा उठून चाकापाशी गेला. मग त्यानं खुंटी काढली, तिथं दोरी बांधली आणि दोरीचं टोक द्वारकाबाईच्या हातात दिलं. ओढली की बाहुली थांबून पाठ फिरवणार.

"म्हंजे माणूस लागणारच की!" मानसिंगराव भडकले.

"लागणारच. बडवायचं काम लाकडाचं. कवा बडवायचं न्हाय, ते काकीचं. पटत नसंल तर हे तोंड मी आत्ता फोडतो." त्यानं खरंच लाकूड तासायचा वाकस उचलला होता.

मानसिंगराव रतन गेली त्या बांधाकडे पाहत राहिले. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "द्वारकाबाईची राखण काय मी मोडत न्हाय."

रतन चार दिवस तिकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली. मी शाळा सोडून रोज एवढ्यासाठीच पाटावर येऊन बसत होतो. दोरी ताणली. पत्रा थांबला. लाकडी द्वारकाबाईनं पाठ फिरवली, माळ्यावरच्या द्वारकाबाईनंही फिरवली. रतन कणीस मोडते की नाही, मी टक लावून पाहत होतो.

सोनबानं खांद्याला धरून मला वळवलं.

"मास्तर, तुमी बी."