धनुष्य माझ्या मापाचं

बायकोसाठी धनुष्य आणलं ते मी तिला न विचारता आणलं, आणि माझ्या दंडाच्या मापानं आणलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर लिहायचं कारण नव्हतं.

बायको लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वीस वर्षं ती मायक्रोस्कोपला डोळा लावून गावाचं रक्त बघते. गणपतीच्या आधी लॅबमधली एक मैत्रीण तिला शहराबाहेरच्या एका मैदानावर घेऊन गेली. तिथं धनुर्विद्या शिकवतात. शिकवणारी सव्वीस-सत्तावीस वर्षांची, शेतकऱ्याघरची मुलगी. पण तिच्यापेक्षा दुप्पट वयाची माणसंसुद्धा तिला मॅडम म्हणतात आणि ओरडा खाऊन गप बसतात. बायकोनं त्या दिवशी दहा-बारा बाण सोडले. घरी आली, चहा केला आणि माझा कप माझ्यापुढं ठेवायचं विसरून स्वतःचा घेऊन खिडकीपाशी उभी राहिली.

“वीस वर्षं मी वीतभर अंतरावर बघतेय,” ती म्हणाली. “रोज एक तास मला लांब बघायचंय.”

बायकोनं स्वतःसाठी काही मागितलं, असं मला तरी आठवत नाही. त्यामुळं मी लगेच कामाला लागलो, आणि तिथंच घात झाला.

तिनं मला सगळं नीट सांगितलं होतं. मैदानावर दोन बॅच आहेत. रविवारची हौशी, कोणीही यावं अशी. दुसरी रोज सकाळची, खरं शिकायची. सकाळच्या बॅचला मॅडम परीक्षा घेऊनच घेतात: दसरा झाल्यावरच्या रविवारी बारा बाण, त्यातले दहा रंगीत वर्तुळात लागले पाहिजेत. बायकोला सकाळची बॅच हवी होती. आणि मॅडमनी बजावलं होतं की तीन महिने तरी मैदानावरचंच धनुष्य वापरा, विकत काही घेऊ नका. हे मी ऐकलं, मला समजलं, आणि मनात म्हटलं की ही सूचना इतर नवऱ्यांच्या बायकांसाठी असणार.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. कधी न बघितलेल्या गोष्टी ठामपणे सांगायची सवय धंद्यातच लागली.

जवळच्या हुपरी गावात एकाकडं दोन वापरलेली धनुष्यं आहेत असं कळलं. स्कूटर काढली. गृहस्थ अंगणात पैंजणाचे घुंगरू जोडत बसले होते. मुलगी धनुर्विद्या खेळायची, लग्न होऊन गेली, म्हणाले. दोन्ही धनुष्यं बाहेर आणली. एक हलकं, बावीस पौंडाचं. दुसरं अडतीसचं. म्हणजे दोरी पूर्ण ओढताना तेवढा जोर बोटांवर येतो, हे त्यांनी मला समजावलं, आणि मी मान हलवली जशी काही आमच्या घरात रोज हीच चर्चा चालते.

माझं सगळं लहानपण मंगळवार पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर गेलं. तिथं कोणी जोर काढले तर कुणीतरी बाजूला उभं राहून म्हणायचं, एवढेच? हलकं काही मागायला आमची जीभच वळत नाही. भाजीवाल्याकडं कोथिंबिरीची जुडीसुद्धा आम्ही वजनदार बघून घेतो. मी अडतीसचं उचललं. दोरी ओढली. हात लटलट कापायला लागला.

“पावणं, वापरणार कोण?” गृहस्थांनी विचारलं.

“घरचंच माणूस हाय,” मी म्हटलं.

“डावं का उजवं?”

“आमच्यात सगळी उजवीच.”

ते परत घुंगरू जोडायला लागले.

बायकोनं धनुष्य बघितलं आणि मॅडमना विचारायला हवं होतं एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आधी घरी तयारी करू, मग एकदम नेऊन दाखवू. पंधरा दिवस आमच्या गच्चीवर तयारी चालली. भुसा भरलेलं पोतं कठड्याला टेकवून ठेवलं, वर खडूनं गोल काढला. बायकोला दोरी निम्म्यापर्यंतसुद्धा ओढता येईना. निम्म्यावरून सुटलेला बाण पोत्याच्या डावीकडं जायचा. प्रत्येक बाण. डावीकडं शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर होती. तिला दोन भोकं पडल्यावर मी त्यांना नवी चादर नेऊन दिली आणि बायकोला म्हटलं, तुझं लक्ष नाही.

“लक्ष आहे,” ती म्हणाली.

“मग डावीकडं का जातोय?”

“तेच मला कळत नाहीये.”

मी कोपर वर घे म्हटलं. मग खाली घे म्हटलं. मग छाती पुढं, मग पाय मागं. मला यातलं काहीही येत नव्हतं, पण तालमीत काही येत नसतानाच जास्त सांगतात. सुटलेली दोरी तिच्या हातावर आतल्या बाजूनं सटकन बसायची. कोपरापासून मनगटापर्यंत निळं-जांभळं झालं. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका आज्जीनं तिचा हात धरून हळूच विचारलं, पोरी, हे कशानं झालं? बायकोला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, नवऱ्यामुळं. पुढचं सांगायच्या आत दुसरा पेशंट आला. त्या आज्जी आमच्याच गल्लीतल्या निघाल्या. आठवडाभर पानाच्या टपरीवर मला बघून लोक बोलायचे थांबत होते.

शेवटी तीच धनुष्य उचलून मैदानावर घेऊन गेली. मीही गेलो. मॅडमनी धनुष्य हातात घेतलं, एकदा ओढून बघितलं, आणि हे कुणी आणलं असं विचारलं. मग बायकोला म्हणाल्या, दोन्ही हात पुढं करा, बोटांचा त्रिकोण करा, त्यातून ते लांबचं झाड बघा, आता हात तसेच चेहऱ्याकडं आणा. हात सरळ तिच्या डाव्या डोळ्यावर आले.

“काकू, तुमचा नेमाचा डोळा डावा हाय. तुम्हाला डाव्या हाताचं धनुष्य लागतंय. ह्या धनुष्यानं तुमचा बाण जन्मात सरळ जायचा न्हाय.”

बायको म्हणाली की मायक्रोस्कोपला पण ती पहिल्यापासून डावाच डोळा लावते. मला हे माहीत नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झालीत. तिला चहात साखर किती लागते हे मी झोपेत सांगेन, पण ती कोणत्या डोळ्यानं बघते हे कधी बघितलं नव्हतं. लाज वाटली. पण लाज वाटली की मी गप बसतो असं नाही, उलटच होतं. मी मॅडमना म्हटलं, डाव्या डोळ्यावर फडकं बांधलं तर? मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की मी आपोआप दोन पावलं मागं सरकलो.

मैदानावर डाव्या हाताचं एकच धनुष्य होतं, हलकं, बावीस पौंडाचं, शिकाऊंसाठीचं. त्यावर बायको सुरू झाली. बाण पहिल्या दिवसापासून सरळ जायला लागले. मला मात्र मैदानाला बांधलेल्या दोरीच्या अलीकडं यायची बंदी झाली. काम एकच, तिची पाण्याची बाटली धरून उभं राहायचं. ती एक-दोन-तीन असं मनात मोजून दोरी सोडायची, आणि तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी घरात कधी बघितलं नव्हतं. परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा मॅडमनी तिला ते धनुष्य घरी नेऊ दिलं, बाण न देता, नुसतं धरून उभं राहायच्या सरावासाठी.

मग आली खंडेनवमी.

आमच्या घरात त्या दिवशी हत्यारं पुजतात. आमच्याकडं हत्यार म्हणजे विळी, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, माझा वर्गातला मोठा कंपास, खाली अंगणात स्कूटर. वर्षानुवर्षं पाटावर हा संसार मांडताना मला कसंतरीच वाटायचं. यंदा घरात खरं हत्यार होतं. बायको कामावर जाताना सांगून गेली होती की धनुष्य पिशवीतून काढू नका. मी ते काढलं. बिनदोरीचं धनुष्य पाटावर ठेवलं तर लोक म्हणतील काठी पुजली, म्हणून गुडघा लावून दोरीही चढवली. झेंडूची माळ घातली. मुठीच्या वर एक पांढरी चिकटपट्टी होती. मला वाटलं, कुंकवाला बरी जागा आहे. ओल्या हळद-कुंकवाची पाच बोटं मी बरोबर तिच्यावर ओढली.

संध्याकाळी मेव्हणा जेवायला आला. तोही पेठेतलाच, एकेकाळी तालमीत जाणारा. पाटाकडं बघून म्हणाला, “दाजी, पुजताय हे झालं. वडून दाखवा की.”

बावीस पौंड म्हणजे माझ्यासाठी काहीच नव्हतं. हुपरीत थरथरलेला हात मी विसरलो नव्हतो, त्याची भरपाई करायची ही संधी होती. धनुष्य उचललं, दोरी पार कानामागं नेली, क्षणभर थांबलो, आणि सोडली. बाण नव्हता. बाण असता तर सगळा जोर त्याच्याबरोबर गेला असता. नव्हता, म्हणून तो धनुष्यातच राहिला. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला आणि मुठीच्या वरचं वाकणारं पातं उभं चिरलं.

“असाच आवाज येतोय व्हय?” मेव्हण्यानं विचारलं.

“व्हय,” मी म्हटलं.

बायको आली. पर्स अजून खांद्यावर होती. तिनं चिरलेलं पातं बघितलं, मला बघितलं, भावाला बघितलं. मेव्हणा हात धुवायला गेला तो परत आलाच नाही. तिनं ओलं फडकं घेतलं आणि चिकटपट्टीवरचं कुंकू पुसलं. खाली निळ्या पेननं मॅडमचं अक्षर होतं. तिनं धनुष्य माझ्यापुढं धरलं.

“वाचा.”

मी मनातल्या मनात वाचलं.

“मोठ्यानं.”

“बाण नसताना दोरी सोडू नये,” मी वाचलं. वर्गात मी पोरांना असंच वाचायला लावतो. आता कळतं त्यांना कसं वाटत असेल.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं धनुष्य पिशवीत घातलं, चेन लावली आणि म्हणाली की रविवारी ती मैदानावर जाणार नाही, आणि मॅडमना काय सांगायचं ते मी सांगायचं. मग ती स्वयंपाकघरात गेली.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही मास्तर हाय नव्हं? मग वाचता येत न्हाय?” नवं पातं पुण्याहून येईल, रविवारपर्यंत येणार नाही. पण मूठ शाबूत आहे, डाव्या-उजव्याचा फरक असतो तो मुठीत. पाती त्याच बनावटीची मिळाली तर बसतील.

त्याच बनावटीची, तेच नाव छापलेली पाती मी बघितली होती. हुपरीत. नको म्हटलेल्या हलक्या धनुष्याला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच गेलो. गृहस्थ अंगणातच होते. मी अडतीसचं जड धनुष्य पुढं ठेवलं आणि म्हटलं, हे घ्या, ते द्या. त्यांनी कारण विचारलं. मी टाळायला बघितलं, पण शेवटी सगळं सांगितलं, चादरीसकट. ते हसले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, “पावणं, तुमी बायकोसाठी नेताय हे त्याच दिवशी बोलला असता तर मी जड काढलंच नसतं.” हलकं धनुष्य फडक्यात गुंडाळून दिलं. चिरलेल्या धनुष्याची पिशवी बरोबरच होती, तसाच मैदानावर गेलो. मॅडमनी पाती जुळवली, दोनदा ओढून बघितली, आणि बायकोला स्वतः फोन करून बोलावलं. माझ्या सांगण्यावरून ती आलीच नसती.

रविवारी मैदानावर पंधरा-वीसजण होते. मी दोरीच्या पलीकडं, हातात बाटली. बायको उभी राहिली. पहिले दोन बाण वर्तुळाबाहेर गेले. मग एकामागून एक आत बसायला लागले. मी बोटांवर मोजत होतो. अकरा बाण झाले, नऊ आत. शेवटचा बसला की दहा.

अकरा बाण मी तोंडातून अक्षर काढलं नाही. पण मला कुस्त्यांच्या मैदानाची सवय. तिथं आपला माणूस डाव धरून असताना गप बसणारा प्रेक्षक हा त्याचा दुश्मन समजतात. तिनं दोरी ओढली. हनुवटीपाशी आणली. एक, दोन, असं ती मनात मोजत असणार, आणि माझ्या छातीतून आवाज बाहेर पडला: “आता सोड!”

तिची बोटं दचकून उघडली. बाण लक्ष्याच्या वरून गेला आणि मागच्या उसात शिरला.

बायकोनं धनुष्य खाली केलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि ते बरोबरच होतं. मॅडम लक्ष्यापर्यंत चालत गेल्या, एकेक बाण उपसला, वहीत काहीतरी लिहिलं आणि परत आल्या.

“नऊ,” बायको म्हणाली. “कळलं मला. पण मॅडम, पुढच्या वेळेसाठी सांगा. माझ्यात काय अडचण आहे?”

“तुमच्यात कायबी न्हाय काकू. उद्या सकाळी साडेसहाला बॅचला या.” मॅडमनी वही मिटली आणि पेन माझ्या दिशेनं केलं. “अडचण तिकडं पाण्याची बाटली धरून उभी हाय. तेवढी घरी ठेवून या.”