आत सांगा, गाडी काढा

आमच्या दारात एक जुनी गाडी उभी असते. तिच्याकडं बघून कोल्हापूरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो एकच, "अ‍ॅव्हरेज किती?" लग्नाच्या पोराला पगार विचारावा तसा. दुसरा प्रश्न, "मग विकत का न्हाईसा?" पहिल्याचं उत्तर मी खरं देते आणि विचारणारा हळहळतो. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे आणि ते माझ्या सासऱ्यांपासून सुरू होतं. मामंजी आता नाहीत. गाडी आहे.

या हकिकतीत कुणाची नावं येणार नाहीत, आणि त्यानं काही बिघडतही नाही. आमच्या घरात तशीही कुणी कुणाचं नाव घेत नसे. मी नवऱ्याला "अहो" म्हणायची, सासूबाई मामंजींना "ऐकलं का" म्हणायच्या, आणि मामंजी मला काहीच म्हणायचे नाहीत. मामंजी सुनेशी बोलत नसत.

रागानं नव्हे, रीतच होती. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, बोलायचंच झालं तर मध्ये कुणीतरी लागतं. मी हातभर अंतरावर वाढायला उभी असायची आणि मामंजी ताटाकडं बघत सासूबाईंना सांगायचे, "आत सांगा, आमटीत मीठ न्हाय." सासूबाई घरात नसल्या तर हेच स्वयंपाकघराच्या चौकटीला सांगायचे. चौकट काही हलायची नाही, मीच मीठ आणायची. थोडक्यात, त्या घरात माझं नाव "आत" होतं.

सासूबाई म्हणजे आमचं टेलिफोन एक्स्चेंज. पण निरोप जसाच्या तसा पोचवतील तर शपथ. मामंजी म्हणाले, "भाकरी झ्याक झाल्या," की माझ्यापर्यंत यायचं, "आज करपल्या न्हाईत म्हणत्यात." वरून ट्रंककॉल केल्याचा आव.

मामंजींची मार्केट यार्डात गुळाची अडत होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी ते वसुलीला म्हणून कबनूरला गेले आणि संध्याकाळी एक गाडी घेऊन आले. एका यंत्रमागवाल्यानं ती हौसेनं घेतली होती, सुताचे भाव फिरले तशी हौसही फिरली. लांब नाकाची, चार दारांची, मरून रंगाची गाडी. बांधणी देशी, पण आतलं इंजिन जपानी, अठराशे सीसीचं, पाच गिअर. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत ती वळवायची म्हणजे समोरच्यांना स्कूटर आत घ्यायला लागायची.

"डिकी मोठी हाय," मामंजींनी सगळ्यांना सांगितलं. "गुळाचं रवं ठेवाय बरी."

हे धादांत खोटं होतं. गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, डिकीत एकदाच बसले. त्या दिवशी ज्या मुंग्या आल्या त्या गाडीच्याच झाल्या, आजही ऊन पडलं की डॅशबोर्डावरून त्यांची रांग निघते. खरी गोष्ट एवढीच की यंत्रमागवाल्यानं इचलकरंजीच्या रस्त्यावर गाडी एकदा दाबून दाखवली होती, आणि साठीला आलेला आमचा अडत्या तिथंच पाघळला होता. त्या रात्री जेवताना ते एकटेच हसत होते. सासूबाईंना वाटलं, गुळाचा भाव चढला.

वर्षा-दोन वर्षांत मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग एक ड्रायव्हर ठेवला. त्यानं गाडीपेक्षा पेट्रोल जास्त पळवलं म्हणून तो गेला. राहिले आमचे हे. हे हायस्कुलात गणित शिकवायचे. काटा चाळिसावर गेला की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. "पळून जायचंय कुठं?" हा त्यांचा ठरलेला सवाल. चाळिसाच्या खाली ती गाडी अशी कण्हायची की ऐकवत नसे.

एके दिवशी मी कणीक मळत बसले होते. बाहेर मामंजी म्हणाले, "आत सांगा, ड्रायव्हिंग स्कुलात नाव घातलंय."

"कुणाचं?" सासूबाई.

"गाडी चालू झाली की जिचा हात परातीत थांबतोय, तिचं."

मी परातीकडं बघितलं. माझा हात परातीत थांबतो, हे मलाही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी यावर जो असहकार पुकारला तो दोन-चार दिवस चालला. एक्स्चेंजच बंद, त्यामुळं घरात कुणाला कुणाचं काही कळेना. आमटी कधी खारट, कधी अळणी. शेवटी मीच स्कुलात जायला लागले आणि लायसन घेऊनच थांबले.

पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा मामंजी शेजारी बसले. गल्लीच्या तोंडावर कट्ट्यावरची मंडळी उठून उभी राहिली. "पावणं, बाजूला व्हा, वैनी आल्या!" एकानं रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ओरडून सांगितलं, आणि त्या बिचाऱ्यानं खरोखर गटारापलीकडं उडी मारली. गंगावेशीत म्हशी आडव्या आल्या, तिथं गाडी तीनदा बंद पडली. रंकाळ्याच्या कडेनं निघालो. गाडीत आम्ही दोघंच. सासूबाई नाहीत, चौकट नाही. मामंजींच्या पोटात सूचना मावत नव्हत्या आणि त्या द्यायच्या कुणापाशी, हे कळत नव्हतं. त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

अखेर त्यांनी डॅशबोर्डाकडं बघितलं.

"तिसरा टाकाय पायजे आता," ते त्याला म्हणाले. "इंजिन वरडालंय."

मी स्टिअरिंगला म्हणाले, "टाकते, पण क्लच कडक आहे म्हणावं."

"क्लच कडक न्हाय, पाय भेकड हाय."

अशी आमची बोलणी सुरू झाली. ती पुढं दहा-बारा वर्षं चालली. गाडीच्या बाहेर मी "आत", गाडीच्या आत मात्र आमचं तोंड मिटत नसे. डॅशबोर्डाला त्यांनी काय काय सांगितलं! वजनात कुणी कशी लबाडी केली, ते स्वतः तरुणपणी घरातून पळून मिलिटरीत जायला निघाले होते आणि मिरज स्टेशनावर भूक लागली म्हणून परत कसे आले, सगळं. मीही त्याला माझं सांगायची. सासूबाई निरोपात कशी काटछाट करतात हे मी सांगितलं, तेव्हा ते इतके हसले की मला गाडी कडेला घ्यावी लागली. माझ्या सख्ख्या वडिलांशी मी इतकी कधी बोलले नव्हते. मुंग्या सगळं ऐकायच्या.

माझं माहेर सीमेपलीकडचं, संकेश्वरजवळचं. घरात आम्ही निम्मं मराठी, निम्मं कन्नड. नव्या सहस्रकात हायवेचं चौपदरीकरण झालं, आणि मोकळा रस्ता म्हणजे काय ते त्या गाडीला म्हातारपणी कळलं. मामंजींना घेऊन मी माहेरी निघाले होते. कागल गेलं, दूधगंगेचा पूल गेला, कर्नाटक लागलं. तवंदीच्या घाटात एक ट्रक दुसऱ्या ट्रकाला मागं टाकायला बघत होता आणि दोघं मिळून सगळा रस्ता अडवून रांगत होते. मी हॉर्न दिला. ढिम्म. मला राग आला की तो कन्नडमध्ये येतो. काच खाली करून मी ओरडले, "ए कत्ती!" म्हणजे गाढवा. आणखीही बरंच म्हणाले, ते इथं लिहीत नाही.

ट्रक जरासा सरकला. फट दिसली. आणि शेजारून मांडी थोपटत मामंजी गरजले, "होडी, यव्वा! होडी!"

कन्नडमध्ये होडी म्हणजे हाण, दामट. यव्वा म्हणजे खरं तर आई, पण लाडानं पोरीलाही तसंच म्हणतात. मी दुसरा गिअर टाकून पाय दाबला. आरपीएमचा काटा तीन हजारांच्या पुढं गेला आणि त्या जपानी इंजिनानं, जे आजवर पेठेतल्या वरातींत बँडच्या मागं तापत गेलं होतं, अशी उसळी घेतली की आम्ही दोघं सीटला चिकटलो. दोन्ही ट्रक मागं पडले. घाटमाथ्यावर आल्यावर मला उमगलं, मामंजी माझ्याशी बोलले होते. थेट माझ्याशी.

परत येताना दूधगंगेचा पूल ओलांडला आणि ते पुन्हा डॅशबोर्डाशी बोलायला लागले. मी स्टिअरिंगला विचारलं, "हे काय म्हणावं?"

"पुलापलीकडं कर्नाटक," ते डॅशबोर्डाला म्हणाले. "तिथं कोल्हापूरचा कायदा चालत न्हाय. आणि कन्नड काय बोलण्यात धरत न्हाईत."

गुळाच्या बाजारात निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी, तिथं ते कन्नड शिकले होते. पळवाट काढणंही तिथंच शिकले असावेत. पुढं गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांच्या तोंडून एकदा चुकून "होडी" निघालं आणि दारात उभ्या सासूबाईंनी ते ऐकलं. "गाडीला होडी म्हणत्यात. म्हातारचळ लागलाय," असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. झालं, तेव्हापासून पेठेत गाडीचं नाव होडी. वळणावर ती डुलतेही तशीच, त्यामुळं कुणाला शंका आली नाही.

मग एका हिवाळ्यात सासूबाई गेल्या. त्यांच्याशी माझं कधी धड जमलं नाही, पण त्या गेल्या आणि घर मुकं झालं. निरोप न्यायला कुणी उरलं नाही. मामंजी अळणी आमटी तशीच जेवून उठायचे. ते पाहून मला रडू यायचं. कधी कधी ते गपचूप जाऊन दारातल्या गाडीत बसायचे. मी भाजी निवडायचं ताट घेऊन शेजारी बसायची. इंजिन बंदच. तिथं ते डॅशबोर्डाला सांगायचे, की हिच्यासारखा खर्डा पुन्हा होणं न्हाय.

नेमक्या त्याच काळात आमच्या ह्यांनी गाडी विकायचं काढलं. त्यांचं सगळं बरोबर होतं, गणिताच्या माणसाचं असतंच. पेट्रोल भडकलेलं, पार्ट मिळत नाहीत, उद्यमनगरातला मिस्त्री दर महिन्याला "इंजिन न्हाय, हत्ती हाय हत्ती" म्हणायचा आणि हत्ती दर महिन्याला त्याच्याच दारात बसलेला असायचा. त्या जागी डिझेलची छोटी गाडी येणार होती. आम्हाला भांडायला, हसायला आणि रडायला ही एकच जागा उरली आहे, हे गणितात कुठल्या रकान्यात मांडायचं? आणि नवऱ्याला सांगायचं तरी कसं, की तुमचे वडील तुमच्यापेक्षा माझ्याशी जास्त बोलतात, पण मुंग्यांच्या साक्षीनं?

गिऱ्हाईक मलकापूरहून आलं. मुलाच्या लग्नात मिरवायला त्याला लांब गाडी हवी होती. ह्यांनी सगळ्यांना आधीच पढवून ठेवलं होतं, "अ‍ॅव्हरेज विचारलं तर बारा सांगायचं." मास्तर असून! पाहुण्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ मारून बघितली आणि घराच्या पुढच्या सोप्यावर येऊन बसला. मी नेहमीच्या जागी चौकटीत उभी राहिले.

म्हातारा माणूस खोटं बोलत नाही, अशा समजुतीनं पाहुण्यानं मामंजींनाच गाठलं. "काय अण्णा, अ‍ॅव्हरेज किती?"

आमच्या ह्यांनी वडिलांकडं बघून डोळे मिचकावले. मामंजींनी पाहुण्याकडं बघितलं नाही, ह्यांच्याकडं बघितलं नाही. चौकटीकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणणार, "आत इचारा."

"सूनबाई, भाईर ये," ते म्हणाले. "तू सांग. गाडी तू चालवतीस."

चारचौघांत. मराठीत. दूधगंगेच्या अलीकडं. मी लग्न होऊन आल्यापासून त्या सोप्यावर असं कधी घडलं नव्हतं. मी बाहेर आले.

"सात," मी म्हणाले. "तवंदी चढताना पाच. आणि डिकीत मुंग्या आहेत."

पाहुण्यानं चहा मात्र पूर्ण प्यायला. कपबशी खाली ठेवली, "येतो मग," म्हणाला आणि मलकापूरला गेला. आमचे हे रात्रभर छताकडं बघत पडले होते. पुढं त्यांनी कर्ज काढून स्वतःपुरती छोटी डिझेल गाडी घेतली आणि ती चाळिसानं चालवत सुखी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुशीत उठले. आता डायरेक्ट लाइन मिळाली होती, मध्ये कुणी नको. चहा घेऊन गेले आणि धिटाईनं विचारलं, "साखर बरोबर आहे का, मामंजी?"

त्यांनी चौकटीकडं बघितलं. तिथं कुणीही नव्हतं. "आत सांगा," ते म्हणाले, "गाडी काढा."

मला संताप आला. पदर खोचून गाडी काढली आणि कागल येईपर्यंत स्टिअरिंगशीसुद्धा चकार शब्द बोलले नाही. मग राहवेना. "काल चारचौघांत बोलायला जमलं," मी स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले, "मग आज घरात काय दातखीळ बसली म्हणावं?"

मामंजी डॅशबोर्डावरची मुंगी बोटानं हळूच बाजूला सारत बसले.

"काल गाडी हातची चाललीती, म्हणून बोललो," ते त्याला म्हणाले. "आता घरातच रोज बोलत बसलो, तर गाडी ठेवायची कशाला?"

मला रस्ता धूसर दिसायला लागला. मी पदरानं डोळे पुसले आणि पाचवा टाकला. दूधगंगेचा पूल अजून यायचा होता. तरी ते म्हणाले, "होडी, यव्वा."