हिंगाची वाईन

मंगळवारी मिरजेच्या दवाखान्यात माझे यजमान वारले. आज फडताळातली बरणी उघडली, तर आंबूस द्राक्षांमागून हिंगाचा वास आला.

यांनी पहिल्यांदा घरी वाईन केली, तेव्हा मी लोणच्याची बरणी नुसती विसळून दिली होती. सांगलीच्या गच्चीवर संध्याकाळी यांनी पहिला घोट घेतला आणि डोळेच मिटले.

"काय झालं?"

"लय भारी. फक्त भाकरी पाहिजे सोबत."

मी खूप हसले, पण पेला ओठांना लावला नाही. "पुढच्या वर्षी घेईन."

"तू घेशील तेव्हा नवी बरणी आणू."

दर वर्षी मी तेच म्हणाले. त्याच बरणीचा यांचा हट्ट मला चिक्कूपणा वाटायचा. ते वाट बघत होते, हे आता कळतं.

बरणीच्या तळाशी पेलाभर वाईन आहे.