दवंडी ऐकल्याची सही

हिंदी मुलखातल्या आमच्या दीक्षितपुऱ्यात दवंडीवाला सकाळी दहाला यायचा. पुरुष कचेरीच्या घाईत आणि बायका चुलीपुढे अडकलेल्या, नेमकी तीच वेळ त्याला सापडायची. ढोलावर दोन टिपऱ्या मारून तो "हर खास-ओ-आम को इत्तला दी जाती है" एवढं ठणठणीत म्हणायचा आणि पुढचं सगळं पाढे उरकणाऱ्या पोरासारखं एका दमात संपवायचा. मग टोपीतून कागद काढायचा. गल्लीतल्या दोघांनी दवंडी ऐकल्याची सही त्याला कमेटीत, म्हणजे नगरपालिकेत, न्यावी लागे.

पहिली सही माझ्या बाबांची. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि सही हा त्यांचा एकुलता एक दागिना होता. शेवटच्या अक्षराची शेपटी गोल वळून थेट खालच्या ओळीत उतरायची. कुणी कागद पुढे केला की त्यांचं पेन आपसूक बाहेर यायचं. दवंडीसाठी त्यांनी पानाला चुना लावायचं थांबवलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही.

एक दिवस कमेटीची माणसं येऊन आमच्या दारासमोरच्या सरकारी नळाभोवती चुन्याच्या फक्कीनं खुणा करू लागली. नळ उखडून वरच्या गल्लीत, चढावर नेणार होते. घरचं सगळं पाणी आत्या भरायची. बाबांची ही थोरली बहीण लवकर विधवा होऊन आमच्याकडे आली होती आणि तिचे गुडघे सपाटीवरसुद्धा कुरकुरायचे. तिनं जाब विचारला, तर उत्तर मिळालं, "मुनादी हो चुकी है, बाई." मुनादी म्हणजे दवंडी.

आत्याला वाचता येत नव्हतं. म्हणून तिनं मला, चौथीतल्या विदुषीला, बरोबर घेऊन कमेटीची कचेरी गाठली. कमरेवर घागर होतीच, नुकतीच उपडी केलेली.

"कागज सरकारी है, दिखाने का नहीं," कमेटीतला बाबू म्हणाला. "कल आना."

"ढोल आमच्यासाठीच वाजवला ना, भैया? मग कागद काहून लपवून राहिले?" आत्यानं घागर त्याच्या टेबलावर, फायलींवर ठेवली आणि बाकावर बसली. "चलो, उद्यापर्यंत बसते."

घागरीच्या बुडाखाली ओला गोल पसरू लागला. बाकीच्या फायली वाचवायला त्यानं आमची फाईल उघडली.

मी मोठ्यानं वाचलं. हरकत घ्यायची मुदत उद्या संपत होती. खाली दवंडी ऐकल्याच्या दोन सह्या होत्या.

"कोनाच्या?"

"वाचता येत नाही," मी म्हणाले. सरकारी कचेरीत मी बोललेलं हे पहिलं खोटं. आत्या कागदावर वाकली. अक्षरं तिला येत नसतील, पण ती शेपटी ती पंचवीस वर्षं पाहत आली होती. तिनं घागर उचलली.

रात्री बाबांच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या नव्हता.

"ताई, पाणी?"

"नळ गेल्यावर सवय पाहिजे. मुनादी तू ऐकली होती का?"

"तो बिचारा उन्हात फिरते. एका सहीसाठी काहून अडवायचं त्याले?"

"ऐकली होती का?"

"नाही."

"अच्छा. मग चढावर घागर नेताना तुझी सही सोबत घेऊन जाईन."

बाबा अर्धं ताट सोडून उठले आणि हरकतीचा अर्ज लिहायला बसले. 'दवंडी न ऐकता मी सही केली' हे पहिलंच वाक्य. साहेबाच्या कानावर गेलं तर काय, या धास्तीनं ते दर ओळीनंतर दाराकडे पाहत होते. मला त्यांची फार कीव आली. त्या रात्री सहीला शेपटी नव्हती.

सकाळी सगळ्या गल्लीनं त्याखाली सह्या केल्या. नळ राहिला.

पुढे दवंडीवाला आधी आमच्या दाराशी थांबू लागला. आत्या त्याला बसवून गूळ-पाणी द्यायची, सगळं सावकाश दोनदा म्हणायला लावायची आणि मग शाईत अंगठा बुडवायची. एकदा बाबांनी सवयीनं पेन काढलं, तर त्यानं कागद मागे ओढला.

"आप नहीं, बाबूजी. बाईजी ने सुना है."

बाबांनी पेनला टोपण लावलं. जरा वेळ तिथंच घुटमळले.

"काय म्हणत होता तो?" त्यांनी विचारलं.

आत्यानं सांगितलं. पण आधी त्यांना खाली बसायला लावलं.