ड्रमवर कोण बसलं होतं?

रशीदचाचांवर अन्याय झाला तो गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, नगरच्या चित्रपटगृहात, दुपारी बाराच्या खेळाला. पडद्यावर त्यांना मत्सरी, भित्रा आणि मित्राचा घात करणारा गिटारवाला दाखवलं, आणि ते स्वतः माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून हे बघत होते. ही वाक्यं मी तेव्हाच्या पत्रकासाठी लिहिली होती. चाचांनी ती खोडायला लावली. का खोडायला लावली ते सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस तुम्हाला कळणार नाही.

माळीवाड्याच्या अलीकडे एका बोळात त्यांचं अॅम्प्लिफायर आणि भोंगे दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचे खर्ड्याचे. ऊसतोड कामगारांच्या मोर्चासाठी भोंगा भाड्याने घ्यायला मी पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात माईक दिला. म्हणाले, "टेस्ट करायचाय. तुझं पत्रकच वाच." मी सभेत वाचावं तशी छाती भरून वाचायला लागले. तिसऱ्या वाक्याला आवाज गेला.

"चाचा, माईक बिघडलाय."

"माईक ठनठनीत हाय. वाक्य बिघडलंय."

त्यांचा हात बटणावर होता. पोकळ शब्द आला की ते आवाज बारीक करायचे, भरीव आला की पुन्हा मोठा. 'एल्गार' आला, आवाज गेला. 'शोषित-वंचित' आलं, आवाज गेला. 'बायांना न्हाणीघर नाही' हे आलं आणि अख्ख्या बोळाला ऐकू गेलं. त्यानंतर माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी त्यांच्या माईकवरून गेलं. एकदा मी मोठ्या कौतुकाने 'कोयत्याचा ताल' असं लिहून नेलं. बटण लगेच फिरलं. "कोयत्याला ताल नसतो, पोरी. कोयत्याला मुकादम असतो."

मी चिडले. म्हटलं, तुम्हाला काय माहीत? दुकानात सोल्डरिंग करणारा पोऱ्या हसला आणि त्याने माळ्याकडे बोट दाखवलं. वर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला ड्रमचा सेट होता.

मग हळूहळू कळलं. तरुणपणी चाचांचा रॉक बँड होता, नाव 'कोरडवाहू'. गाणारा विकी, गिटारवर रशीद, बेसवर कॉलेजचा एक मुलगा आणि ड्रमवर पाथर्डीकडचा मच्छिंद्र. गॅदरिंग, गणपती, उरूस, मिळेल तिथे वाजवायचे. राजूरच्या बाजारात एकदा मध्येच वीज गेली. गिटार मेली, विकीचा आवाज मेला. मच्छिंद्र एकटा वाजवत राहिला. "वीज येईस्तोवर शेळ्यांचे सौदे थांबले हुते," चाचा सांगायचे. "गिऱ्हाईक बी थांबलं, शेळी बी थांबली."

पण या बँडचं वर्ष वेगळं होतं. दसरा झाला की मच्छिंद्र घरच्यांबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसायचा, आणि बँड बंद व्हायचा. कारखान्याचं गाळप संपून तो परतला की उन्हाळ्यात पुन्हा सुरू. दुसरा ड्रमर कधी घेतला नाही. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचं बोलावणं आलं ते नेमकं ऐन थंडीत. विकी म्हणाला, पुण्याचा कुणीतरी घेऊ. रशीद म्हणाला, मच्छिंद्र आला की जाऊ. कंपनी थांबली नाही. विकी एकटा गेला, नाव कमावलं, आणि तरुणपणीच वारला. रशीदने दुकान टाकलं.

"चूक झाली असं नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"रोज सकाळी वाटतं," ते म्हणाले. "दुपारपर्यंत जातं."

संध्याकाळी दुकानात डीजेवाली पोरं जमायची आणि एक विषय हमखास निघायचा: कुठल्या रॉकवाल्याच्या आयुष्यावर पिक्चर भारी होईल. कुणी म्हणे, तो नशेत मेला तो. कुणी म्हणे, स्टेजवर गिटार फोडायचा तो. चाचा कामातून मान वर न करता बोलायचे. "मरनाऱ्याचा पिच्चर सोपा असतो रे. शेवट आयताच मिळतो. जगनाऱ्याचा काढून दाखवा." आणि, "गिटार फोडनाऱ्याचं काय कौतुक? दुसऱ्या दिवशी ती जोडून कोन देत हुतं, त्याचा काढा." प्रत्येक मोठ्या नावावर त्यांचा एकच प्रश्न ठरलेला: "त्याच्या मागं ड्रमवर कोन हुतं?" पोरं मोबाईल काढून शोधायला लागली की म्हणायचे, "शोधावं लागतंय म्हंजे पिच्चर बाकी हाय."

मी म्हणायचे, चाचा, तुमच्यावरच काढायला हवा. ते म्हणायचे, "माझा काय काढतीस? मी घरीच हुतो."

आणि मग खरंच मुंबईहून एक दिग्दर्शक आला. विकीवर चित्रपट करत होता. सभ्य मुलगा होता, बूट बाहेर काढून आत आला. बँड का फुटला, असं त्याने विचारलं. चाचांनी सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "सर, ऊसतोडीमुळे बँड फुटला हे प्रेक्षकांना पटणार नाही. तिथे माणसामाणसांतलं भांडण लागतं."

चाचांनी सोल्डरिंगचा धूर फुंकून टाकला. मग म्हणाले, "मग भांडन माझं दाखवा. मी जळत हुतो म्हना, घाबरलो म्हना, काय वाटंल ते म्हना. पन ड्रमवर मच्छिंद्र बसवा. नावानिशी."

"नक्की, सर," तो म्हणाला.

हा सौदा माझ्या डोळ्यांदेखत झाला. मी भांडले. तो गेल्यावर म्हटलं, मुसलमान गिटारवाला घातकी, हे विकायला त्यांना किती सोपं आहे माहितीय का तुम्हाला? "माहितीय," ते म्हणाले. "म्हनून तर त्यांना आवडंल. आवडलं की दुसरं बी देतील." त्याच दिवशी त्यांनी मच्छिंद्रला फोन केला. "तू पिच्चरमदी हायस."

पाडव्याच्या दिवशी पडद्यावरचा रशीद दात-ओठ खात होता. प्रेक्षकांनी त्याला शिव्या दिल्या. चाचा मात्र स्वतःकडे बघतच नव्हते. गाणं लागलं की ते खुर्चीत पुढे सरकायचे आणि विकीच्या मागे बघायचे. मागे कुरळ्या केसांचा एक गोरटेला पोरगा होता. त्याला नाव नव्हतं, एक वाक्यही नव्हतं. मध्यंतरात म्हणाले, "अजून येईल. अर्धा बाकी हाय." शेवटी नावं पळायला लागली, लोक उठले, झाडूवाला आत आला. चाचा उभे राहून सगळी नावं वाचत होते. पडदा काळा झाला तेव्हा खाली बसले. "आला न्हाई," एवढंच म्हणाले.

चाचांनी सौद्यातलं आपलं दिलं होतं. समोरच्यांनी ते घेतलं आणि आपलं दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मच्छिंद्र ऊस तोडत होता त्या फडावर आम्ही एसटीने गेलो. फोनवर सांगा म्हटलं तर म्हणाले, "फोनवर चांगली बातमी दिली. वाईट तोंडावर द्यायची." उसाच्या कडेला पाचटाच्या कोप्या होत्या, आणि अख्खी टोळी वाट बघत होती, कारण मच्छिंद्रच्या लेकीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"या भाई! बघितला का? मी हाय न्हवं?"

"न्हाईस, मच्छिंद्र."

मच्छिंद्रने पाचटाची काडी तोडून दातात धरली.

"आन तू हायस का?"

"हाय. लई हरामी हाय."

"मग पिच्चर खरा हाय की!" मच्छिंद्र म्हणाला आणि टोळी खदाखदा हसली. चाचाही हसले. लेक मात्र हसली नाही. ती कोपीत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. चाचांनी दोनदा हाक मारली, "बेटा, बाहेर ये." परतीच्या एसटीत त्यांनी दोन तिकिटं काढली. "मला शिव्या दिल्या ते ठीक हाय," म्हणाले. "तिला मी खोटं पाडलं."

आठवड्याभरात मी पत्रक घेऊन दुकानात गेले. मथळा होता, 'रशीदभाईंची बदनामी थांबवा'. माईकवर वाचायला लागले आणि पहिल्याच वाक्याला आवाज गेला.

"हे पोकळ नाही, चाचा! हे खरं आहे!"

"खरं हाय. पन माझी बदनामी मीच दिली हुती त्यांना. दिलेलं परत मागायचं न्हाई. मच्छिंद्रची जागा दिली न्हवती, ती चोरली. ती माग."

मी मथळा बदलला. नव्या पत्रकात चाचांचं नाव एकदाही नव्हतं. ते वाचताना शेवटपर्यंत आवाज गेला नाही. चित्रपटवाल्यांकडून मात्र आजवर उत्तर आलेलं नाही.

फाल्गुनात चाचा गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. मच्छिंद्रला हंगामातून सुट्टी मिळाली नाही. गाळप संपल्यावर तो कब्रस्तानात आला, टोपी काढून उभा राहिला, मग इथे डोकं झाकतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून पुन्हा घातली. तिथून दुकानात गेला. चाचीने माळ्यावरचा ड्रम कुणाला विकू दिला नव्हता. त्याने तो उतरवला, कागद काढला आणि भर दुपारी वाजवला. शेजारच्या गॅरेजवाल्याने मशीन बंद केलं. मी ऐकलंय, म्हणून सांगते: त्याच्या हातातून काहीही गेलेलं नाही.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही गणपती मंडळ चालवता, गॅदरिंग ठरवता, उरुसाची सुपारी देता, कॅमेरा घेऊन विषय शोधत फिरता. मच्छिंद्र जिवंत आहे आणि दसऱ्यापर्यंत गावी आहे. त्याला बोलवा, पुढे बसवा, माईकवर त्याचं नाव घ्या, आणि त्या वेळी त्याच्या लेकीला पहिल्या रांगेत खुर्ची द्या. आणि कार्यक्रमाची तारीख ठरवण्याआधी त्याला विचारा, तू कधी असतोस.

विचारा. आजच.